शून्य कीं रिकामी जागा ?

अमेरिकेंतील बेसबॉल या खेळाच्या दप्तरांत २८ जून १९०७ या दिवसाची एक चमत्कारिक नोंद आहे. त्या दिवशीं न्यूयॉर्कच्या हायलँडर्स संघाविरुद्ध खेळतांना वॉशिंग्टनच्या खेळाडूंनीं एकाच सामन्यांत १३ बेस चोरले. पिचरनें फलंदाजाकडे चेंडू टाकावा आणि तेवढ्या अवधींत धांवणाऱ्यानें एका मुक्कामावरून पुढच्या मुक्कामावर पळून जावें, यास त्या खेळांत चोरी असेंच नांव आहे. आणि ही चोरी पकडण्याचा भार ज्याच्यावर असतो तो कॅचर त्या दिवशीं ब्रँच रिकी नांवाचा एक तरुण होता. त्याचा हात दुखत होता, फेंकलेला चेंडू वेळेवर पोंचत नव्हता, आणि प्रतिपक्षानें त्या दुखण्याचा पुरेपूर लाभ घेतला.

पुढें हाच रिकी, खेळाडू म्हणून नव्हे, तर संघाचा चालक म्हणून मोठ्या योग्यतेस चढला. जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णी खेळाडूस १९४७ सालीं ब्रुकलिनच्या संघांतून मैदानावर आणून वर्णभेदाची भिंत ज्यानें फोडली तो हाच. त्याच वर्षीं त्यानें अ‍ॅलन रॉथ नांवाच्या एका आंकडेतज्ज्ञास आपल्या संघाच्या नोकरींत घेतलें. अमुक खेळाडू चांगला, तमुक वाईट, हें नुसत्या नजरेनें न ठरवितां हिशेबानें ठरवावें, अशी ही जोडी होती. १९५४ सालीं रिकीनें 'लाइफ' साप्ताहिकांत एक लेख लिहून संघाच्या सामर्थ्याचें एक लांबलचक सूत्र जगापुढें मांडलें. त्यांत फलंदाजी अंकांत बसली, पिचरची कामगिरी अंकांत बसली. परंतु क्षेत्ररक्षणापाशीं येतांच रिकीनें हात टेकले. हें मोजतां येत नाहीं, असें त्यानें स्वच्छ सांगितलें, आणि सूत्रांत त्याच्यासाठीं एक अक्षर राखून ठेवलेलें असूनही त्या अक्षराच्या पोटीं कांहींच पडलें नाहीं. क्षेत्ररक्षणाची किंमत स्वतःच्या अंगावर एका दिवसांत १३ वेळां ज्यानें अनुभवली त्यानेंच ती मोजतां येत नाहीं म्हणावें, हा योगायोग मौजेचा आहे. मात्र ती किंमत मुळांतच नाहीं, असें त्याचें मत खचित नव्हतें.

येथें जो प्रश्न उभा राहतो तो एका परदेशी खेळापुरता नाहीं. जें मोजतां येत नाहीं त्याच्या जागीं शून्य लिहिणें आणि ती जागा रिकामी ठेवणें, यांत बेरजेपुरता कांहीं फरक पडत नाहीं. उत्तर तेंच येतें. न्यायाच्या दृष्टीनें पाहिलें तर मात्र या दोन गोष्टी अगदीं निराळ्या आहेत. शून्य हा निवाडा आहे: येथें कांहीं नाहीं. रिकामी जागा ही कबुली आहे: येथें काय आहे तें आम्हांस ठाऊक नाहीं. आणि माणसाचें मन असें आहे कीं कांहीं दिवस गेले म्हणजे रिकाम्या जागेला तें शून्यच वाचूं लागतें. राष्ट्राच्या उत्पन्नाच्या हिशेबांत घरांतील स्त्रीच्या रांधण्या-वाढण्याचें, मुलांना वाढविण्याचें मोल धरीत नाहींत. तें धरण्याची सोय नाहीं एवढेंच प्रथम त्याचें कारण असतें, पण 'ती कांहीं करीत नाहीं, घरींच असते' हें वाक्य त्याच हिशेबाच्या सावलींत जन्मास येतें. बेसबॉलमधील कॅचरच्या कामाचें मोल ठरविण्याचा जो दीर्घ उद्योग अमेरिकेंत झाला तो मला विचार करण्याजोगा वाटतो तो याचसाठीं.

आमच्या वाचकांस क्रिकेटचा यष्टिरक्षक परिचयाचा आहे, म्हणून त्याच्यावरूनच सांगतों. कॅचर त्याचा भाऊबंद खरा, पण त्याच्यावर कामाचा बोजा कितीतरी अधिक. पिचर ६० फूट ६ इंचांवरून चेंडू टाकतो. तो टप्पा न घेतां थेट येतो, आणि वेगवान पिचरचा चेंडू हें अंतर अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळांत कापतो. फलंदाजाच्या बाजूला जमिनींत १७ इंच रुंदीची एक पांढरी पाटी बसविलेली असते. तिच्यावरून, सुमारें गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचींत, चेंडू गेला व फलंदाजानें तो सोडून दिला, तर पंच 'स्ट्राइक' असें पुकारतो. त्या चौकटीबाहेरून गेला तर 'बॉल'. तीन स्ट्राइक झाले कीं फलंदाज बाद, चार बॉल झाले कीं त्याला एक बेस फुकट. कॅचर या पाटीमागें उकिडवा बसतो. तोंडावर जाळी, छातीवर गादी, नडग्यांवर ढाली. या सरंजामास त्या खेळांतील लोक थट्टेनें 'अज्ञानाचीं अवजारें' म्हणतात, कारण शहाणा मनुष्य हें काम पत्करणार नाहीं! एका सामन्यांत दीडशेच्या आसपास चेंडू तो असे घेतो. कोणता चेंडू टाकावा हें पूर्वी बोटांच्या खुणांनीं, आणि २०२२ पासून बहुधा एका लहानशा यंत्राच्या बटणांनीं, तोच सुचवितो. आपटून उसळणारा चेंडू अंगावर घेऊन अडवितो, चोरास पकडतो, बिथरलेल्या पिचरजवळ जाऊन दोन शब्द बोलून येतो. क्षेत्ररक्षकांपैकीं आठ जण एका दिशेस तोंड करून उभे असतात, हा एकटा उलट दिशेस पाहत असतो.

या कामाची नोंद जुन्या वहींत कशी होई तें पाहण्यासारखें आहे. बेसबॉलच्या हिशेबाची वही जन्मास घालण्याचें श्रेय बहुतांशीं हेन्री चॅडविक (१८२४-१९०८) याला देतात. हा गृहस्थ जन्मानें इंग्रज, अमेरिकेंत क्रिकेटचे वृत्तांत लिहीत असतांना बेसबॉलकडे वळलेला. क्रिकेटच्या धांवफलकाची शिस्त त्यानें नव्या खेळास लावली. या शिस्तींत क्षेत्ररक्षकाचा हिशेब असा: किती संधी आल्या, त्यांपैकीं किती चुकल्या. दिसण्यांत हा हिशेब चोख आहे. परंतु तीन स्ट्राइकवर बाद झालेला प्रत्येक फलंदाज कॅचरच्या खात्यावर जमा होतो! पिचर जोरकस असला म्हणजे त्याचे बळी कॅचरच्या नांवावर आपोआप चढत जातात, आणि मग निर्दोषपणाच्या कोष्टकांत कॅचर सर्वांच्या वर. अशा प्रकारें ज्याच्या कामाची किंमत कमी धरली जाते त्यालाच दुसऱ्याच्या कामाची फुकट किंमत मिळावी, असा हा दुहेरी घोटाळा होता.

दोषाच्या बाजूसही तोच प्रकार. हातून निसटलेला चेंडू पिचरनें वाईट टाकला म्हणून निसटला कीं कॅचरनें नीट घेतला नाहीं म्हणून, हें मैदानाबाहेर बसलेला नोंदणीकार ठरवितो. कॅचरच्या माथीं पडणाऱ्या निसटीचा आधुनिक काळांतील उच्चांक जेनो पेट्राली या टेक्सासच्या कॅचरचा आहे. १९८७ च्या हंगामांत ३५. तो अडाणी होता असें कोणास वाटेल. वस्तुतः त्याच्या संघांत चार्ली हफ हा नकलबॉल टाकणारा पिचर होता. नकलबॉल म्हणजे जवळजवळ न फिरतां येणारा, वाऱ्यावर डुलणारा चेंडू. तो कोठें जाईल हें टाकणाऱ्यासही सांगतां येत नाहीं. पिचरच्या ज्या विद्येपुढें फलंदाज थक्क होत, तिचा दंड कॅचर भरीत होता.

चोरी पकडण्याच्या आंकड्याचें तरी काय? चेंडू हातांत आल्यापासून तो दुसऱ्या बेसवर पोंचेपर्यंत कॅचरला साधारण दोन सेकंद लागतात. पण पिचर आपली क्रिया सुरू करून चेंडू कॅचरपर्यंत पोंचवितो त्यांतही सव्वा ते दीड सेकंद जातो, आणि चोर पळूं लागतो तो त्या पहिल्या क्षणापासून. संथ पिचरच्या मागें बसलेला चपळ कॅचर हरतो, चलाख पिचरच्या मागें बसलेला मंद कॅचर जिंकतो. नांव मात्र एकाचेंच लागतें.

तात्पर्य, अडचण मोजण्याची नव्हती, वांटण्याची होती. दोघांनीं मिळून केलेल्या कामाचें श्रेय दोघांत कसें वांटावें? तबलजी आणि गवई यांची मैफल रंगली तर ती किती कोणामुळें रंगली हें सांगतां येईल काय? एक उपाय मनांत येतो: तोच गवई दुसऱ्या तबलजीबरोबर ऐकावा, आणि तोच तबलजी दुसऱ्या गवयाबरोबर. क्रेग राइट यानें १९८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत अशाच धर्तीवर एकाच पिचरची निरनिराळ्या कॅचरांबरोबरची कामगिरी ताडून पाहिली. अशी सावधगिरी न बाळगल्यास काय होतें याचें उत्तम उदाहरण अटलांटाच्या संघांत आहे. १९९० नंतरच्या दशकांत ग्रेग मॅडक्स हा त्या काळचा अग्रगण्य पिचर आपल्या पाळीच्या दिवशीं नेहमीचा कॅचर हावी लोपेझ यास बसवून एडी पेरेझ यास घेत असे. पेरेझच्या हाताखालीं प्रतिपक्षाच्या धांवा किती थोड्या होतात, असें कोष्टक सांगूं लागलें! त्या थोडेपणांत मॅडक्सचा हिस्सा किती आणि पेरेझचा किती, हें कोष्टकास कोण विचारणार? आणि मॅडक्ससारखा चतुर मनुष्य पेरेझलाच कां मागतो, याचें उत्तर त्या कोष्टकांत तर नव्हतेंच.

१९९९ च्या सुमारास कीथ वूलनर यानें या प्रश्नाचा निकाल लावण्याचा मोठा प्रयत्न केला. त्याची विचारसरणी सरळ होती. पिचरला हाताळण्याचा गुण जर कॅचरच्या अंगीं खरोखर असेल, तर तो यंदा दिसला तसा पुढील वर्षींही दिसला पाहिजे. वर्षागणिक जो टिकत नाहीं तो गुण नव्हे, योगायोग होय. असें टिकणारें कांहीं त्याला आढळलें नाहीं. असलेंच तर तें इतकें सूक्ष्म असेल कीं या चाळणींत सांपडत नाहीं, एवढेंच तो म्हणाला. परंतु पुष्कळांनीं त्याचा शेवटचा अर्धा भाग ऐकलाच नाहीं, आणि 'कॅचरचा पिचरवर परिणाम होत नाहीं' असा सिद्धान्त हिंडूं लागला. पुन्हा एकदां रिकामी जागा शून्य म्हणून वाचली गेली.

येथें दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहींतर हा लेख आंकडेतज्ज्ञांवरील तक्रार होईल आणि तसें करण्याचा माझा हेतु नाहीं. 'हें मोजतां येत नाहीं' हें वाक्य नम्रतेचें असूं शकतें, तसेंच तें लबाडीचेंही असूं शकतें. मापाच्या आवांक्याबाहेरचा गुण कोणाच्या अंगीं आहे हें मग नजरेनें ठरतें, आणि नजर ही ओळखीची, वर्णाची, रुबाबाची, जुन्या कीर्तीची बटीक असते. १९५७ पासून उत्तम क्षेत्ररक्षणाबद्दल 'गोल्ड ग्लोव्ह' नांवाचें पारितोषिक देतात. तें पुष्कळ वर्षें संघांचे प्रशिक्षक आपल्या मतानें देत असत, आणि ज्याच्या नांवाभोंवतीं एकदां वलय आलें त्याला तें पुन्हा पुन्हा मिळत राही. मापाला माणसाचें तोंड दिसत नाहीं, हा त्याचा दोष म्हणून नेहमीं सांगतात. मला तो त्याचा मोठा गुण वाटतो. आपल्याकडेही एखाद्या कचेरींत 'अमक्याच्या कामाचें मोल आंकड्यांत सांगतां यायचें नाहीं' असें वरिष्ठ म्हणूं लागले कीं तो अमका बहुधा त्यांचा भाचा असतो.

आतां या कथेंतील मुख्य भागाकडे येऊं. २००६ च्या अखेरीस अमेरिकेंतील मैदानांवर असे कॅमेरे बसूं लागले कीं प्रत्येक चेंडू हवेंतून कोणत्या मार्गानें आला आणि पाटीवरून नेमका कोठून गेला हें ते टिपून ठेवीत. २००८ पर्यंत ते मोठ्या लीगच्या सर्व ३० मैदानांवर पोंचले. हेतु पिचरचा अभ्यास करण्याचा होता. परंतु त्यांतून कॅचरविषयीं एक गोष्ट अवचित बाहेर आली. चौकटीच्या कडेवरून जाणारा चेंडू एका कॅचरनें घेतला तर पंच स्ट्राइक म्हणतो, आणि अगदीं तसाच चेंडू दुसऱ्यानें घेतला तर बॉल म्हणतो! २००८ सालीं डॅन टर्कनकॉफ यानें या दिशेनें पहिला हिशेब मांडला, आणि २०११ सालीं माइक फास्ट यानें तो अधिक काळजीपूर्वक केला. एका ठिकाणावरून गेलेल्या हजारों चेंडूंपैकीं सरासरीनें किती स्ट्राइक ठरतात, आणि या कॅचरच्या हातीं किती ठरले, एवढीच ती तुलना. एका बॉलचा स्ट्राइक झाला तर सुमारें अष्टमांश धांव वांचते. रक्कम क्षुल्लक वाटते खरी. पण सामन्यांतील दीडशे चेंडूंपैकीं निम्म्याहून अधिक फलंदाज सोडून देतो, आणि हंगाम १६२ सामन्यांचा.

या हिशेबांत सर्वांत वर नांव निघालें तें होसे मोलिना याचें. प्वेर्तो रिको बेटावरील तीन मोलिना बंधू, बेंजी, होसे आणि यादिएर, तिघेही कॅचर झाले. बेंजीला दोनदां गोल्ड ग्लोव्ह मिळालें, यादिएरला नऊ वेळां. मधल्याला कधींच नाहीं. फलंदाजी बेताची, चाल मंद, बहुतेक कारकीर्द दुसऱ्या क्रमांकाचा कॅचर म्हणून बांकावर बसण्यांत गेलेली. फास्टच्या हिशेबानें या मनुष्यानें २००७ ते २०११ या पांच वर्षांत निव्वळ चेंडू घेण्याच्या तऱ्हेनें ७० हून अधिक धांवा वांचविल्या होत्या. दहा धांवा म्हणजे ढोबळ मानानें एक विजय असें तेथें समजतात. तेव्हां अर्धवेळ काम करणाऱ्या या माणसानें आपल्या संघांना सात विजय दिले आणि तें त्या वेळीं कोणत्याही वहींत उमटलें नाहीं. कोष्टकाच्या तळाशीं असलेल्या कॅचरनें त्याच काळांत जवळजवळ तितक्याच धांवा घालविल्या होत्या. तो फलंदाज बरा होता, म्हणून संघांत टिकला होता. त्या वर्षअखेरीस टँपा बेच्या संघानें छत्तीस वर्षांच्या मोलिनाला बोलावून घेतलें. फास्टलाही लवकरच एका संघानें नोकरींत घेतलें.

येथपर्यंत ही न्यायाची कथा आहे: झांकलेला गुण उघडा झाला, बांकावरच्या माणसाचें ऋण मान्य झालें. पण कोणता गुण उघडा झाला याकडे जरा निरखून पाहिलें पाहिजे. चेंडू चौकटीबाहेरून गेला असतां तो आंतून गेला असें पंचास वाटावयास लावणें, यास गुण म्हणावें कीं फसवणूक?

लगेच उत्तर देण्याची घाई करूं नये, कारण या एका नांवाखालीं दोन कृत्यें एकत्र झालीं आहेत. कॅचर चेंडू घेतो तो पाटीच्या मागें, कांहीं फूट अंतरावर. वळणारा चेंडू चौकटींतून खरोखर जाऊनही हातमोज्यांत शिरेपर्यंत खालीं उतरलेला असतो. अनाडी कॅचरचा हात अशा चेंडूमागें धांवतो, त्याच्या वेगासरशीं बाहेर ओढला जातो, आणि पंचास खरा स्ट्राइकही बॉल वाटतो. कुशल कॅचर चेंडूच्या आधींच त्या जागीं पोंचलेला असतो. त्याचें डोकें हलत नाहीं, खांदा हलत नाहीं, हातमोजा जेथें चेंडू भेटला तेथेंच थबकतो. याला फसवणूक कशी म्हणावी? येथें तो सत्याचा बिघाड होऊं देत नाहीं, इतकेंच. अक्षर वाईट म्हणून ज्याच्या खऱ्या उत्तराचे गुण कापले जात होते त्याचें अक्षर सुधारण्यासारखें हें आहे.

दुसरें कृत्य निराळें. चेंडू दोन इंच बाहेरून गेला आहे. कॅचरला तें ठाऊक आहे. आणि त्याच शांत हातानें तो पंचापुढें असा धरतो कीं पंचास शंका येऊं नये. तोंडानें तो खोटें बोलत नाहीं. बचाव करणारे म्हणतात कीं कॅचर हा साक्षीदार नव्हे, पक्षकार आहे. पंचास तें माहीत आहे, फलंदाजास तें माहीत आहे. वकिलानें आपल्या अशिलाची बाजू ठसठशीत मांडली तर त्याला कोणी खोटारडा म्हणत नाहीं. हा युक्तिवाद मला अर्धा पटतो. वकिलाला समोरचा वकील उत्तर देऊं शकतो, ही त्या पेशाची शुद्धि आहे. फलंदाज पाठमोरा, चेंडू घेतांना कॅचरचा हात त्याला दिसतही नाहीं, आणि निर्णयावर हुज्जत घातली तर पंच त्याला मैदानाबाहेर घालवूं शकतो. एकतर्फी सुनावणींत केलेली मांडणी आणि दोन्ही पक्षांसमोर केलेली मांडणी, यांना एकच नीतिनियम लावतां येत नाहीं. मोलिनानें वांचविलेल्या प्रत्येक धांवेंत कोणा तरी पिचरचा रास्त हक्क असेल, किंवा कोणा तरी फलंदाजाचा बुडालेला हक्क असेल; पण ७० या आंकड्यांत दोन्ही एकाच पोत्यांत भरले आहेत. आंतल्या चेंडूंचा हिशेब वेगळा आणि बाहेरच्यांचा वेगळा असा करतां येतो, आणि पुढें तसा केलाही गेला. परंतु संघाला त्या भेदाशीं कर्तव्य नव्हतें. त्याला विजय हवा होता, आणि विजयाच्या खात्यावर खरा स्ट्राइक नि खोटा स्ट्राइक सारख्याच भावानें जमा होतात.

मोजमापाचा पुढचा परिणाम याहून चमत्कारिक आहे. ज्याची किंमत ठरली तें शिकविलें जाऊं लागलें. प्रत्येक संघ आपल्या कॅचरांस चेंडू घेण्याची नवी तऱ्हा शिकवूं लागला. एक गुडघा जमिनीला टेकवून बसण्याची पद्धत सर्वत्र पसरली. वाईट घेणारे संघांतून गळाले. इकडे पंचांचे निर्णयही त्याच कॅमेऱ्यांवर तपासले जाऊं लागल्यामुळें तेही सुधारले. दहा-बारा वर्षांत उत्तम आणि सुमार यांतील अंतर पुष्कळच घटलें. आतां हें माप सरासरीपासूनच्या अंतराचें माप आहे हें ध्यानांत घ्यावें. उद्यां सगळेच कॅचर मोलिनाइतके निपुण झाले, तर प्रत्येकाच्या नांवापुढें शून्य पडेल! हें शून्य रिकीच्या सूत्रांतील शून्याहून वेगळें आहे. तेथें गुण दिसत नव्हता म्हणून शून्य होतें. येथें गुण सर्वांपाशीं आहे म्हणून शून्य. प्रामाणिकपणा, वक्तशीरपणा, स्वच्छता या गोष्टींना बाजारांत भाव नसतो तो पुष्कळदां याच कारणानें, आणि त्या नाहींशा झाल्या म्हणजेच त्यांची किंमत कळते.

तिसरें शून्यही येऊं घातलें आहे. दक्षिण कोरियाच्या मुख्य लीगमध्यें २०२४ पासून स्ट्राइक कीं बॉल हें यंत्रच ठरवितें. पंच कानांतील यंत्राचा निर्णय पुकारतो. तेथें कॅचरचा हात कितीही शांत असला तरी त्यानें निर्णय बदलत नाहीं. अमेरिकेनें २०२५ च्या सप्टेंबरांत मधला मार्ग पत्करला: २०२६ च्या हंगामापासून निर्णय पंचानेंच द्यावा, मात्र फलंदाज, पिचर किंवा कॅचर यांस त्यावर यंत्राकडे दाद मागतां यावी, प्रत्येक संघास आरंभीं अशा दोन संधी, आणि दाद खरी ठरली तर ती संधी शिल्लक राहावी. फलंदाजाच्या बुडालेल्या हक्काची जी तक्रार वर केली तिला यामुळें बरेंचसें उत्तर मिळालें. सुनावणी आतां एकतर्फी राहिली नाहीं. कॅचरच्या वांट्यास मात्र एक विचित्र दुहेरी भूमिका आली. त्याचा हात पूर्वीप्रमाणेंच पंचाला पटविण्याचें काम करणार, आणि त्याच वेळीं त्याच्या डोळ्यानें, चेंडू खरोखर कोठून गेला याची अगदीं निर्मळ साक्ष त्याला स्वतःला द्यावयाची, कारण खोटी दाद मागितली तर संधी फुकट जाते. दुसऱ्यास भुलवितांना आपण न भुलणें हें फार थोड्यांस साधतें. मुत्सद्द्यांस साधत नाहीं, व्यापाऱ्यांस साधत नाहीं, कॅचरांस किती साधेल तें आंकडेच सांगतील.

आणि एवढें झाल्यावरही कामाचा एक मोठा भाग अंधारांतच आहे. कोणत्या क्षणीं कोणता चेंडू मागवावा, दोन फटके खाल्लेल्या पिचरशीं काय बोलावें, केव्हां मुळींच बोलूं नये, या गोष्टींस अद्यापि भरंवशाचें माप सांपडलेलें नाहीं. वूलनरच्या चाळणींतून सुटलेली गोष्ट दहा वर्षांनीं दुसऱ्या चाळणींत अडकली, हें पाहिल्यावर तेथें शून्य लिहिण्याचें धाडस मी तरी करणार नाहीं. मात्र तेथें वाटेल ती मोठी रक्कम मनानें लिहिण्याचा परवानाही यांतून कोणास मिळत नाहीं.

ज्यांच्या भोंवतीं कॅमेरे तर नव्हतेच, पण वही देखील पुरती नव्हती, अशांचा प्रश्न याहून अवघड. गोऱ्यांच्या लीगमध्यें मज्जाव असल्यामुळें कृष्णवर्णी खेळाडू आपल्या निराळ्या लीगमध्यें खेळत. त्यांतील जॉश गिब्सन हा कॅचर, रॉबिन्सन मैदानावर येण्याच्या तीनच महिने आधीं, जानेवारी १९४७ मध्यें वारला. जुन्या वर्तमानपत्रांतील सामन्यांचे तक्ते जुळवून त्याच्या फलंदाजीची सरासरी .३७२ ठरली, आणि २०२४ च्या मेमध्यें ती मोठ्या लीगच्या अधिकृत दप्तरांत सर्वांच्या वर चढली. ही भरपाई उशिरां झाली तरी मोलाची आहे. पण भरपाई झाली ती फलंदाजाची. पाटीमागें बसून तो काय करीत असे तें त्या तक्त्यांतून परत उभें करण्याइतकी सामग्री उरलेली नाहीं.

त्याच लीगमध्यें बिझ मॅकी नांवाचा कॅचर होता. त्या पिढीच्या जाणत्या खेळाडूंत कॅचरच्या कामांत त्याच्याइतका निष्णात क्वचितच कोणी मानला जाई. एलीट जायंट्स या संघांत तो असतांना त्याच्या हाताखालीं पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा शिकावयास आला. कसें बसावें, चेंडू घेतां घेतां पाय कसे फिरवावे, हात मागें न नेतां कसें फेंकावें, पिचरच्या स्वभावाप्रमाणें त्याला कसें वागवावें, हें मॅकीनें त्याच्याकडून घोटून घेतलें. तो मुलगा रॉय कॅम्पानेला. १९४६ सालीं त्याला निवडून आपल्या संस्थेंत घेणारा चालक ब्रँच रिकी हाच होता. कॅम्पानेला १९४८ पासून ब्रुकलिनसाठीं खेळला, १९५१, १९५३ आणि १९५५ या तीन वर्षीं आपल्या लीगमधील सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला, आणि त्याच्यावर चोरी करूं पाहणाऱ्यांपैकीं शेंकडा ५७ त्यानें पकडले. हें प्रमाण मोठ्या लीगच्या इतिहासांत अग्रगण्य समजतात. मॅकी १९६५ सालीं वारला. बेसबॉलच्या कीर्तिमंदिरांत त्याचें नांव २००६ मध्यें लागलें. त्या ५७ पैकीं त्याचे किती, याचा रकाना अजून कोणत्याही वहींत आंखलेला नाहीं.